आजोबांचं धोतर

काल दुपारी स्लॅबवर धोतर काढायला गेलो, तर त्याच्या काठाशी मोहरीहून बारीक हिरवट दाणे दिसले. एका ओळीत, शिवण घातल्यासारखे. सव्वीस भरले. रात्री कुणी तरी येऊन आपलं बाळंतपण उरकून गेली होती.

धोतर आजोबांचं. ते गेल्यावर आईनं दोन ठेवून घेतली होती, पुसायला होतील म्हणून. एकाचं पोतेरं झालं, दुसरं मी पळवलं. पाऊस उघडला आणि वारा पडला की दोन बांबूंना ते ताणून बांधायचं, पुढे बल्ब लावायचा आणि पतंगांची वाट पाहत बसायचं. बल्ब पिवळा नको, पिवळ्याला ही मंडळी फारसा भाव देत नाहीत. न येणाऱ्यांसाठी सडकी केळी गुळात कालवून कडुलिंबाच्या बुंध्याला फासतो. त्यात मोहाची दोन झाकणं ओतली की काम चोख होतं. (ती कुठून येते, ते विचारू नये.)

लहानपणी आमच्याकडे उलटा कारभार होता. पावसाळ्यात जेवायला बसलं आणि लाइन असली, की आजी बल्बखाली पाण्याची परात ठेवायची. पाखरं टपाटप परातीत. एखादं चुकून वरणात पडलं, की ती बोटानं काढून "जेव चुपचाप" म्हणायची. परातीतलं पाखरू काडीवर घेऊन पंख सुकेपर्यंत धरून बसायचा नाद मला तेव्हाच लागला असावा. पाखरं दिव्यावर भाळतात, असं आपण उगाच म्हणतो. उजेड म्हणजे आभाळ समजून ती त्याच्याकडे पाठ करायला जातात आणि मग गरगरत राहतात, एवढंच. अलीकडे शास्त्रज्ञांनी हे कॅमेऱ्यानं टिपलंय. वाचून मला आजीच्या परातीची थोडी लाज वाटली.

सगळ्यात भारी पाहुणा तिळाच्या वावरातून येतो. पाठीवर कवटीचं चित्र, अंग बोटाएवढं जाड. हात लावला की उंदरासारखा चिरकतो. पहिल्यांदा चिरकला तेव्हा मी स्टुलावरून पडलो होतो. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून हा मध चोरतो. राज्याचं फुलपाखरू म्हणून 2015 साली राणी पाकोळीला मान मिळाला. पतंगांच्या जाती फुलपाखरांच्या कितीतरी पट, पण त्यांना कोण विचारतो!

अमावस्येला धोतर गच्च भरतं. पोळ्याची रात्र तर माझी हक्काची. बाबांच्या लेखी मात्र अमावस्या म्हणजे बोंडअळीची अंडी. पराटीत, म्हणजे कपाशीत, त्यांचे कामगंध सापळे लागलेले असतात; मादीच्या वासाला भुलून नर पाखरं त्यात शिरतात. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पाखरं आली, की फवारा. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं बोंडंच्या बोंडं पोखरली. त्याच हंगामात फवारताना विष भिनून यवतमाळ जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. त्या वर्षी बाबा रोज सकाळी सापळा उघडायचे आणि आकडा मनातच ठेवायचे. आई चहा पुढे ठेवायची, विचारायची नाही.

परवा रात्री ते स्लॅबवर आले.

"कोनाची वाट पाहून राह्यला बे?"

"पाखरायची."

"लोकं माराले लाइट लावते, तू पाहाले लावतं?"

मग खाली न जाता बसले. कवटीवाला आला, चिरकला, तेव्हा हसलेही. तेवढ्यात धोतराच्या खालच्या कोपऱ्यात एक राखाडी-तपकिरी चिमटीभर जीव येऊन टेकला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पंखांवर काळसर ठिपके. मी वहीत लिहिणार होतो. बाबांनी बॅटरी मागितली, वाकून पाहिलं.

"एकच हाय ना?"

"एकच."

त्यांनी अंगठा पुढे केला. मी दुसरीकडे पाहिलं. मान वळवली तेव्हा कोपरा रिकामा होता आणि धोतरावर डाग नव्हता. मी काही विचारलं नाही.

ते सव्वीस दाणे कुणाचे, तेही अजून कळलेलं नाही. धोतर तसंच बांधलेलं आहे.