पॅडचा गंधार

मंगळवार, रात्री उशिरा

आज तालीम लांबली. सरांनी कॉयरसाठी बांधलेल्या नव्या रचनेत खाली सिंथचा (लॅपटॉपवरून वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) एक लांबलचक पॅड, म्हणजे धरून ठेवलेल्या स्वरांचा थर, चालू राहतो आणि त्यावर आम्ही चार भागांत गातो. शब्द नाहीत, नुसता आकार. सा पेटीवरच्या पांढरी एक पट्टीचा. बेस (पुरुषांचा खालचा आवाज) आणि सोप्रानो (बायकांचा वरचा) षड्जावर म्हणजे सा वर, टेनर (पुरुषांचा वरचा) पंचमावर म्हणजे प वर आणि आम्ही आल्टो (बायकांचा खालचा) गंधारावर म्हणजे ग वर. पॅडशिवाय गायलो की सगळं एकजीव व्हायचं, पॅड सुरू झाला की गंधारावर काहीतरी थरथरायला लागायचं. सरांनी आम्हाला एकेकीला गायला लावलं. कुणीच बेसूर नव्हतं. पॅडही बरोबर लावलेला होता. गंधार दोन होते आणि दोन्ही आपापल्या जागी खरे होते.

मी लहानपणापासून तानपुऱ्यापुढे बसले आहे, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं होतं. खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेची जवारी, म्हणजे तिचा झंकार, छान लागली की न छेडलेला गंधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. आमच्या बाई त्याला स्वयंभू गंधार म्हणायच्या आणि तो कानावर पडेपर्यंत मला तोंड उघडू द्यायच्या नाहीत. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो स्वर. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला गंधार या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. भरभर जाणाऱ्या गाण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण आम्हाला तो स्वर दीड-दोन मिनिटं धरायचा आहे. इतका वेळ दोन्ही गंधार शेजारी उभे राहिले की सेकंदाला दोन-तीन लाटा उठतात, आणि थरथरत होतं ते हेच. कॉयरमधल्या बहुतेकींनी तानपुरा कधी हातात धरलेला नाही, तरी वाद्य बाजूला केलं की त्यांचा गळा आपसूक त्या खालच्या गंधारावर जाऊन बसतो. हे मला फार आवडतं.

हार्मोनियमवरून आपल्याकडे झालेला वादही मुळात याच्याच आसपासचा. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती. मला ती बंदी टोकाची वाटते, पण तक्रार कानाने केलेली होती, म्हणून तिच्याबद्दल आदर आहे.

सिंथची गोष्ट मात्र वेगळी. पेटीचे सूर जागेवर हलवता येत नाहीत, सॉफ्टवेअरमधला प्रत्येक स्वर हवा तेवढा वर-खाली सरकवता येतो. लॅपटॉप सांभाळणाऱ्या मुलाला मी म्हटलं, "गंधार चौदा सेंट खाली घे." त्याने आकडा टाकला आणि म्हणाला, "ताई, आता गा." लाटा थांबल्या. आमच्या वर, जिथे कुणीच गात नव्हतं, तिथे एक बारीक स्वर उभा राहिला. मागच्या रांगेतल्या एकीने वळून पाहिलं, कुणाचा आवाज आहे म्हणून.

हे आमच्या रचनेसारख्या ॲम्बियंट, म्हणजे वातावरणासारख्या संथ पसरलेल्या, संगीतातच का जमतं, याचा विचार घरी येताना बसमध्ये करत होते. बाखचं कोराल (चर्चमधलं चार भागांचं समूहगान) घेतलं तर दर ओळीला षड्जाचा मुक्काम बदलतो. आत्ताचा गंधार पुढच्या क्षणी दुसऱ्या कुणाचा पंचम होतो. असा एका षड्जावर नेमका लावलेला सिंथ तिथे दोन ओळींत उघडा पडेल. ॲम्बियंट रचना मिनिटांमागून मिनिटं एकाच षड्जावर बसून राहते. लोक त्याला कंटाळवाणं म्हणतात, पण त्या बसून राहण्यामुळेच सूर पूर्ण शुद्ध लावायला सवड मिळते. ख्यालाच्या विलंबितातही आपण हीच सवड मागून घेतो.

यंत्र आणि कंठ एकत्र आणायचा खटाटोप जुना आहे. १९५६ साली जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनने कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत एका मुलाच्या कोवळ्या आवाजाचे तुकडे इलेक्ट्रॉनिक ध्वनींमध्ये मिसळले. ती रचना मी आदराने ऐकते, पण तिच्यात मला राहता येत नाही. मला राहता येतं ते इंग्रज संगीतकार ब्रायन एनोच्या १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये. त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात नुसते गायलेले आकार आहेत. एकेक स्वर टेपवर घेऊन त्या टेपची दोन टोकं जोडली. टेप इतकी लांब झाली की स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवावी लागली. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सुमारे सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. हे आकडे एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून स्वरांची भेट दर वेळी वेगळी होते. कधी तिघं एकत्र येतात, कधी एकटाच स्वर येऊन जातो आणि मागे शांतता राहते. वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या 'बँग ऑन अ कॅन' या वादकांच्या गटाने हे सगळं कागदावर उतरवून हातांनी वाजवलं. यंत्राने केलेलं माणसांनी पुन्हा शिकून घेतलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कॉयरमध्ये गायला लागल्यापासून मात्र त्या टेपवरच्या बायकांचा श्वास मी शोधते. एनोच्या लूपमध्ये, त्या टोकं जोडलेल्या टेपमध्ये, तो ऐकू येत नाही. स्वर धुक्यातून येतो आणि धुक्यात जातो. आमच्याकडे तोच परिणाम श्वास वाटून घेऊन साधावा लागतो. शेजारणीने घेतला की मी घ्यायचा नाही. स्वर संपतो तिथे सगळ्यांनी मिळून घ्यायचा नाही, स्वराच्या मध्येच हळूच बाहेर पडायचं, नाकाने भरून घ्यायचं आणि कुणाला कळू न देता आत यायचं. माझ्या डावीकडच्या मावशी श्वास घेण्याआधी फाइल किंचित खाली करतात. ती फाइल हलली की मी आपोआप थोडं जास्त धरते. आम्ही चौदाजणी असं करत राहिलो की बाहेर बसलेल्याला एकच न तुटणारा आकार ऐकू येतो. खाली पॅड आहे म्हणून ही मेहनत टाळावी, असं आज कुणीतरी सुचवलं. मला ते अजिबात पटलं नाही. पॅडने आमची भोकं बुजवायची नसतात. त्याने तानपुऱ्यासारखं मागे बसावं आणि गाणाऱ्याला जागा द्यावी.

आणि हे तानपुऱ्याचं मी ओढूनताणून आणत नाहीये. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग, मेरियन झाझीला आणि टेरी रायली हे अमेरिकन कलाकार त्यांचे शागीर्द झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत ज्या घराण्याची ज्योत तेवती ठेवली, ते हेच घराणं. पूर्णांकी गुणोत्तरांत लावलेल्या सुरांचा ध्यास यंगला आधीपासूनच होता, पण तो तानपुरा लावायला बसला आणि त्या ध्यासाला गुरू मिळाला. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवरच्या त्याच्या 'ड्रीम हाउस'मध्ये १९९३ पासून न बदलणारे इलेक्ट्रॉनिक स्वर ऐकवले जातात, आणि एनोसकट पुढच्या कितीजणांवर यंगची छाप आहे.

यंगचीच एक गोष्ट आज कामाची ठरेलसं वाटतं. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरमधून तिची घरघर येतेच, म्हणून साठच्या दशकात त्याच्या मंडळींनी त्या घरघरीशीच सूर जुळवला. आमच्या तालमीच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचे जुने चोकही घरघरतात. आपली वीज ५० हर्ट्झची, चोक गुणगुणतो तिच्या दुप्पट, १०० वर. तो सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये पडतो, म्हणजे आमच्या टेनरच्या पंचमाहून जरासा चढा. महिनाभर टेनर वर सरकतात म्हणून सर त्यांना रागावताहेत. मला वाटतं ते चोक ऐकत असावेत.

कार्यक्रम याच हॉलमध्ये आहे आणि दिवे बदलायला पैसे नाहीत. मग साच उचलावा. पांढरी एकपेक्षा साधारण ३३ सेंट वर घेतला की चोकचा सूर नेमका आपला पंचम होतो. रचनेत पियानो नाही, सिंथला एक आकडा बदलायचा आहे आणि गळ्यांना तर काहीच अडचण नाही. सरांना आत्ताच मेसेज केलाय. शनिवारी टेनरना आधी कुणी काही सांगायचं नाही, नुसता नवा सा द्यायचा आणि पंचम लावायला सांगायचं.