तुम्ही विचारलेत म्हणून: बोनारच्या चित्रात ऊन येते कोठून?

चित्रांच्या रसास्वादाविषयी बोलताना मी फ्रेंच चित्रकार पिएर बोनारचे ‘खेड्यातली जेवणाची खोली’ हे चित्र दाखवले की एक प्रश्न हमखास येतो. चित्रात सूर्य नाही, दिवा नाही, जमिनीवर धड सावलीही पडलेली नाही. तरीही ती दुपार इतकी उजळ कशी वाटते? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर याच एका चित्राच्या आधारे देणे मला सोयीचे वाटते.

बोनारने १९१२ मध्ये सेन नदीकाठी व्हेर्नोने येथे एक लहानसे घर घेतले. पुढच्याच वर्षी रंगवलेले हे चित्र त्या घरातले असून आज ते अमेरिकेत मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. सुमारे दोन मीटर रुंदीच्या या कॅनव्हासवर डावीकडे उघडे दार, शेजारी खिडकी, खिडकीशी रेललेली स्त्री, पुढे गोल टेबल, खुर्च्यांवर मांजरे आणि पलीकडे बाग आहे. विषय म्हणावा तर एवढाच.

भर दुपारी खोलीत उभे राहून उघड्या दारातून अंगणाकडे पाहिले, तर बाहेरचे सारे लख्ख आणि आतले सारे काळवंडलेले दिसते. कॅमेराही तेच टिपतो. युरोपातील जुन्या चित्रपरंपरेने उजेड दाखवण्यासाठी शतकानुशतके हाच मार्ग वापरला: एका बाजूला गडद करायचे, म्हणजे दुसरी बाजू आपोआप उजळते. बोनारने नेमके हेच नाकारले. त्याची भिंत काळवंडत नाही, ती तांबड्या-नारिंगी रंगाने पेटलेली राहते. बाग हिरवी, निळसर आणि पिवळी असते. आत आणि बाहेर यांच्यातला फरक अंधार-उजेडाचा न राहता उष्ण आणि शीत रंगांचा होतो, आणि गडद-फिकेपणात दोन्ही बाजू एकमेकींच्या बऱ्याच जवळ असल्यामुळे डोळा कोठेच ठरत नाही, सतत आत-बाहेर करत राहतो. आपल्याला जे ऊन वाटते ते मुख्यतः या हालचालीतून निर्माण होते, असे माझे मत आहे. दार स्वतः निळसर-जांभळे आहे, टेबलावरच्या पांढऱ्या कापडातही तोच थंडावा उतरला आहे, म्हणजे बाहेरचे आकाश खोलीत आले आहे. उलट त्या स्त्रीच्या पोशाखातला लाल रंग भिंतीची ऊब बागेच्या उंबऱ्यापर्यंत नेतो. सावलीला येथे काम उरलेले नाही.

हे त्याला सुचले त्यामागे त्याची कामाची रीतही आहे. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार उघड्यावर, समोरच्या उजेडाशी शर्यत लावत रंगवीत. त्यांचा अग्रणी मोने तर जवळच जिव्हेर्नीला राहत होता. बोनार मात्र प्रत्यक्ष दृश्यासमोर पेन्सिलीने लहान रेखाटने करी, रोजनिशीत हवामानाची नोंद ठेवी आणि मग घरात, भिंतीला टाचण्यांनी लावलेल्या कापडावर आठवणीतून चित्र रंगवी. अशी अनेक चित्रे एकाच वेळी, कधी कधी वर्षानुवर्षे चालत. समोर खरा उजेड नसल्यामुळे त्याची नक्कल करण्याचा प्रश्नच नव्हता. एका रंगाशेजारी दुसरा ठेवून तो नव्याने घडवावा लागे. तरुणपणी ‘नाबी’ या पॅरिसमधील तरुण चित्रकारांच्या गटात असताना जपानी छापचित्रांचा त्याच्यावर इतका प्रभाव होता की मित्र त्यावरून त्याला चिडवीत. सावलीवाचून सपाट रंगांतून अवकाश उभा करण्याचे धैर्य बहुधा तेथूनच आले. (सरा आणि सिन्याक या फ्रेंच चित्रकारांसारखी ठिपक्यांची शास्त्रशुद्ध मांडणी त्याने केली नाही, हे मला बरेच वाटते.)

एका रंगाने दुसरा घडवण्याच्या या रीतीच्या दृष्टीने त्याच्या अखेरच्या दिवसांतली एक हकिगत महत्त्वाची आहे. दक्षिण फ्रान्समधील ल कान्ने येथील घराच्या बागेतल्या बदामाच्या झाडाचे चित्र त्याने हाती घेतले होते. जानेवारी १९४७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, डाव्या कोपऱ्यातल्या जमिनीचा हिरवा त्याला खटकला आणि हाताला बळ नसल्यामुळे पुतण्याच्या मदतीने त्याने तो पिवळ्याने झाकून घेतला. झाडाला त्याने हात लावला नाही. बदलला तो झाडापासून दूरचा एक तुकडा.

बोनारची सगळीच चित्रे मला सारखी पटतात असे मात्र नाही. पिकासोला तो मुळीच आवडत नसे. तेवढ्या टोकाला मी जाणार नाही, पण उत्तरकाळातील काही चित्रांत पिवळा आणि नारिंगी इतके दाटतात की उजेड पाकासारखा चिकट होतो. ‘जेवणाच्या खोली’ला या दोषापासून वाचवते ते तिचे निळसर दार. चांगली छापील प्रत मिळाली तर तेवढे दार आणि टेबलावरचे कापड कागदाने झाकून पाहा: भिंत नुसती विटकरी दिसू लागेल आणि बागेतली दुपारही बरीचशी उतरलेली वाटेल.