शास्त्राच्या नावाखाली आलेला पुरावा

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, आणि पक्षकारांच्या मुंबईच्या खेपा वाचणार याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र निकाल ज्या पुराव्यावर उभा राहतो, त्याची पारख कोण आणि कशी करते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

२००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी ग्राह्य धरली होती. ज्या पद्धतीची स्वतंत्र संशोधकांकडून पुरेशी पडताळणीच झालेली नव्हती, तिच्या आधारे माणसाच्या मनातले ‘अनुभव’ वाचता येतात, असे मानणे मला आजही भयंकर वाटते. पुढे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को (औषध देऊन केलेली चौकशी), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची अशीच चाचणी) संमतीविना करता येणार नाही, असे ठरवले.

आता सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद नव्या नागरी सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, आहे. ती योग्यच आहे. परंतु तज्ज्ञाच्या अहवालात त्या पद्धतीच्या चुकीचे प्रमाणही लिहिलेले असावे आणि ते बचाव पक्षाच्या वकिलाला वेळेत मिळावे, असा माझा आग्रह आहे.