ओमनीचे इंजिन घरी बांधले, पण बोअरिंगने दमवले : माझा अनुभव

ओमनीचे इंजिन घरी उतरवून, खोलून, पुन्हा बांधून बसवता येते का, असे मला हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात. माझे उत्तर असे की उतरवणे, खोलणे, जोडणे आणि चढवणे हे सारे घराच्या आवारात होते. जे होत नाही ते सिलिंडरचे बोअरिंग, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरची आतली भिंत यंत्रावर कापून मोठी करणे, आणि मला जो मनस्ताप झाला तो जवळजवळ सगळा त्या एकाच कामामुळे झाला.

महागड्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे शौकीन आपल्या गाडीचे इंजिन दोन आसांच्या मध्ये असल्याचे मोठ्या अभिमानाने सांगतात. मारुतीची व्हॅन, म्हणजे हीच ओमनी, १९८४ पासून आपले इंजिन तसेच दोन आसांच्या मध्ये, पुढच्या आसनांखाली घेऊन दुधाचे कॅन, शाळेची मुले आणि लग्नाचे वऱ्हाड वाहत आली आहे, पण त्याचे कौतुक कोणी केले नाही. या रचनेचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. आसन उचलले की स्पार्क प्लग आणि कार्ब्युरेटर हाताशी येतात, परंतु इंजिन वरून काढता येत नाही. ते खाली उतरवावे लागते आणि गाडी त्याच्या वर उचलून धरावी लागते.

आमची ओमनी निळा धूर सोडत होती आणि ऑइल पीत होती. पंधरा वर्षे पूर्ण होत आल्याने नोंदणीचे नूतनीकरण करायचे होते, आणि तो धूर घेऊन तपासणीला जाण्यात अर्थ नव्हता. कॉम्प्रेशन तपासले तेव्हा एका सिलिंडरचा दाब उघडच कमी आला. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर तो वाढला, याचा अर्थ दोष व्हॉल्व्हचा नसून पिस्टनवरच्या रिंगांचा आणि बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीचा, होता. ही चाचणी केल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून इंजिन खोलू नये.

उतरवण्याचे काम इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या अंगणात शेजारच्या दोन मुलांच्या मदतीने विनासायास झाले. गाडीचा पुढचा भाग भक्कम घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) इतका उंच ठेवावा की इंजिन जॅकवर उतरल्यावर बाहेर सरकवता येईल. प्रोपेलर शाफ्ट ओढून काढला की गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून ऑइल गळते, म्हणून ते आधी काढून घ्यावे किंवा तोंडात बोळा बसवावा.

आता मुख्य दुखणे. या तीन सिलिंडरच्या, ७९६ सीसी इंजिनाचा बोअर मूळचा ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७२ मिलिमीटर असतो. बोअर झिजतो तो सगळीकडे सारखा नाही. वरच्या रिंगच्या पट्ट्यात आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिकडे अधिक. म्हणून प्रत्येक सिलिंडर तीन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर दोन दिशांनी मोजावा लागतो, म्हणजे तिन्ही मिळून अठरा मापे. ती मी घरीच बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजण्याच्या उपकरणाने, घेतली होती. त्यांवरून पहिले मोठे माप, म्हणजे ०.२५ मिलिमीटर वाढीव पिस्टन, पुरेसे होते. दुकानदार याला ‘दहा थाऊ’, म्हणजे इंचाचे दहा सहस्रांश, म्हणतात.

मी पिस्टन आधी विकत घेतले, प्रत्येकाचा व्यास खालच्या बाजूस, पिनेच्या काटकोनात, मोजला, त्यांवर एक-दोन-तीन असे क्रमांक घातले आणि ब्लॉकसह (तिन्ही सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागासह) शहरातल्या एका जुन्या मशीन शॉपमध्ये नेऊन दिले. कागदावर लिहून दिले की प्रत्येक बोअर त्याच्याच पिस्टनप्रमाणे करावा, आणि शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी, म्हणजे भिंत दगडाने घासून गुळगुळीत करण्यासाठी, शिल्लक ठेवावेत. पिस्टन आणि बोअर यांच्यामध्ये जी फट ठेवायची असते ती डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. ती वाढली तर इंजिन थंड असताना खडखडते आणि ऑइल वर चढते, आणि ती अजिबात नसली तर तापलेला पिस्टन फुगून धरून बसतो. मालकांनी कागदाकडे न पाहता तो गल्ल्याखाली सरकवला आणि म्हणाले, “भिया, परसों ले जाना.”

त्यानंतर तो परवा कधी उजाडलाच नाही. आधी कारागीर एका लग्नासाठी गावी गेलेला होता, मग मशीनचा पट्टा तुटलेला होता, मग रंगपंचमी आली आणि गेरीच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, गर्दीत राजवाड्याकडचा सारा भाग बंद झाल्याने कोणीच कामावर आले नाही. रंगपंचमीबद्दल माझी तक्रार नाही. इंदूरमध्ये राहून त्या दिवशी कामाची अपेक्षा धरणारा मी नव्हे. परंतु त्या सगळ्या काळात माझा ब्लॉक दाराशी उघड्यावर पडून होता, आणि बिडाच्या कोरड्या पृष्ठभागावर गंज चढायला वेळ लागत नाही. घरून ऑइलची बाटली आणि फडके नेऊन मीच ते पृष्ठभाग पुसून घेतले, तेव्हा तिथल्या पोऱ्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

अखेर काम झाल्याचा निरोप आला. मी बोअर गेज बरोबर नेला होता आणि दुकानातच मोजायला बसलो. पहिले दोन बोअर ठीक होते. तिसरा बोअरिंगच्या टप्प्यावरच शेवटच्या मापाला नेऊन ठेवलेला होता आणि त्यावर होनिंग केल्यामुळे फट हवी त्याच्या जवळपास दुप्पट झाली होती. मी आकडे दाखवले. उत्तर मिळाले की रिंग बसली की सगळे जुळून येते, आजवर कोणी तक्रार केलेली नाही. रिंग बसते ती बोअरच्या भिंतीशी. पिस्टन त्यामुळे जाड होत नाही, हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. मग त्यांनी दुसरेच सुचवले: त्यांच्याकडे एक तयार हाफ इंजिन (हेडशिवायचे, ब्लॉकसकट जोडलेले) पडून होते, ते घेऊन जावे. हा सल्ला वरवर सोयीचा वाटतो, पण इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा क्रमांक जुळत नाही आणि परिवहन कार्यालयातून त्याची रीतसर नोंद करून घ्यावी लागते. नूतनीकरणाच्या तोंडावर असे लोढणे कोणी गळ्यात घालून घेऊ नये.

शेवटी उपाय एकच उरला, तिन्ही बोअर पुढच्या, म्हणजे ०.५० मिलिमीटरच्या मापाला नेण्याचा. मजुरी त्यांनी सोडली, नव्या पिस्टन-रिंगांचा खर्च मात्र माझ्याच गळ्यात पडला. खरी चीड पैशांची नाही. माझ्या गाडीसाठी बाजारात ही दोनच वाढीव मापे मिळाली, त्यामुळे पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे नवे अस्तर, घालण्याशिवाय मार्ग नाही. इंजिनाच्या वाट्याला असलेली एक संपूर्ण दुरुस्ती त्या निष्काळजी फेरीत खर्ची पडली. दुसऱ्या वेळी मी मशीनपाशी उभा राहून काम करवून घेतले, आणि तेव्हा ते काम एका दुपारात, अगदी नमुनेदार झाले. बोअर ६९ मिलिमीटर झाल्याने इंजिन हिशेबाने ८०८ सीसीचे झाले आहे, एवढाच काय तो लाभ.

जोडणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ती सुखाने झाली. ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने, ब्रशने घासून धुवावा, कारण होनिंगचा बारीक चुरा नुसत्या पेट्रोलने निघत नाही. आणि धुतल्याबरोबर वाळवून ऑइल लावावे. क्रँकच्या बेअरिंगांची फट प्लास्टिगेजने (दाबून चपटा झाल्यावर रुंदीवरून फट सांगणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने) पाहावी. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत. “हाताला कळते” म्हणणाऱ्यांना चहा पाजावा आणि रेंचपासून दूर ठेवावे. इंजिन खाली असतानाच मागचे ऑइल सील, क्लच प्लेट आणि माउंटिंगची रबरे बदलून टाकावीत. प्लगच्या वायरी लावताना फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-२ असतो. आणि हे आधी सांगायला हवे होते: कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूम नळ्यांना काढण्यापूर्वीच चिठ्ठ्या लावाव्यात, फोटोंवर विसंबू नये, कारण फोटोत सगळ्या नळ्या काळ्याच दिसतात.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवले आणि मगच प्लग बसवले. ते लगेच सुरू झाले आणि धूर दिसला तो एक्झॉस्टला लागलेल्या ऑइलचा, थोड्या वेळात विरून गेलेला. आता प्रदूषणाचे प्रमाणपत्र मिळाले आहे आणि नूतनीकरणही झाले आहे. माझा बोअर गेज ओळखीतल्या कोणालाही वापरायला मिळेल. मात्र तो ब्लॉक दुकानात टाकण्याच्या आधी मागावा, आणि दुकानात नेताना पावतीच्या पाठीवर तिन्ही सिलिंडरांची मापे मालकांच्या सहीसह लिहून घ्यावीत.