शून्य पूर्णांक पाच

शनिवार, सकाळ

प्राइम९५, म्हणजे प्रोसेसरला तासन् तास अवघड गणितं घालून तो चुकतो का बघणारा प्रोग्रॅम. त्याच्या आठ खिडक्यांपैकी, दर कोअरला एक, सात चालू होत्या. सहावी थांबलेली. टास्क मॅनेजर १०० ऐवजी ८८ टक्के दाखवत होता. बाकी सगळं आलबेल. पंखे फिरतायत, माउस हलतोय, निळा पडदा नाही, रीस्टार्ट नाही. सहाव्या खिडकीत फक्त दोन ओळी : राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. हार्डवेअरमध्ये बिघाड आढळला. सुरू केल्यापासून ७ तास १२ मिनिटांनी.

दहाव्या मिनिटाला कोसळलं असतं तर काही वाटलं नसतं. व्होल्टेज कमी पडलं म्हणायचं, एक पायरी चढवायची, पुन्हा सुरू. पण सात तास नीट चालून मग एकाच कोअरनं एकदाच चुकायचं, आणि तेही बाकीच्यांना न सांगता!

दादाला गुरुवारीच कळवून बसलेय, ओव्हरक्लॉक, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढवलेला वेग, ४.८ गिगाहर्ट्झ पक्कं झालं म्हणून. कशाच्या जोरावर? प्राइम९५ ची एक तास स्मॉल एफएफटी चाचणी आणि सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या दहा फेऱ्या.

ते ०.५ डोक्यातून जात नाही. दिसायला केवढंसं. प्राइम९५ अवाढव्य पूर्णांकांचा गुणाकार एफएफटी या गणिती पद्धतीनं करतं, म्हणजे मधलं सगळं काम दशांश अपूर्णांकांत. शेवटी प्रत्येक उत्तर कुठल्या तरी पूर्णांकाच्या अगदी जवळ पडायला हवं. किती लांब पडलं ते म्हणजे राउंडिंग एरर. आणि कुठलीही संख्या जवळच्या पूर्णांकापासून जास्तीत जास्त लांब असून असून किती असणार? ०.५. त्याच्या पुढे जागाच नाही. म्हणजे हे 'थोडंसं चुकलं' नव्हे. उत्तर खालच्या पूर्णांकाचं की वरच्या, हेही सांगता येऊ नये इतकं चुकलं.

शनिवार, दुपार

पळवाटा शोधून झाल्या. पहिली, वैश्विक किरण. रॅममधला एखादा बिट त्यांनी उलटतो हे खोटं नाही, आणि माझी रॅम ईसीसी, म्हणजे अशा चुका स्वतः दुरुस्त करणारी, नाही. दुसरी जास्त मोहाची : चिपच सदोष असेल. १९९४ मध्ये पेंटियमचा भागाकार चुकतो हे अविभाज्य संख्यांवर काम करणाऱ्या एका गणितज्ञानंच पकडलं होतं. २०१६ च्या जानेवारीत इंटेलनं स्कायलेकमधला दोष मान्य केला, तोही प्राइम९५ चालवतानाच सापडलेला. पण त्या चिपा मूळ वेगावर चुकत होत्या. माझी मूळ वेगावर चुकते का, हे मी अजून बघितलेलंच नाही. तोवर हा आधार घेण्यात अर्थ नाही.

रिझल्ट्सची फाइल उघडली. चुकली तेव्हा एफएफटीची लांबी होती १३४४के. आकडेमोड सोपी आहे : १३४४ गुणिले १०२४ गुणिले ८ बाइट, म्हणजे एका वर्करचे, एका खिडकीचे, साडेदहा एमबी. आठांचे ८४. प्रोसेसरच्या आतल्या एल३ कॅशमध्ये हे मावणार नाही, सतत रॅमकडे ये-जा होणार. म्हणून लगेच कोअरला दोष देता येत नाही. स्मॉल एफएफटीत चुकलं असतं तर संशय सरळ कोअरच्या व्होल्टेजवर गेला असता, कारण ती कॅशच्या बाहेर पडतच नाही. लार्ज आणि ब्लेंड या मोठ्या चाचण्यांमध्ये रॅम आणि मेमरी कंट्रोलरही आरोपीच्या पिंजऱ्यात.

रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला जास्त वेगावर चालवणारं सेटिंग, बंद केलं. ३६०० वरून २६६६. कोअरला हात लावला नाही, ४.८ आणि १.२७५ व्होल्ट तसंच. प्राइम९५ च्या कस्टम चाचणीत किमान आणि कमाल दोन्ही लांब्या १३४४. चुकणारा वर्कर दर वेळी वेगळा निघाला तर रॅम किंवा कंट्रोलर, पुन्हा तोच निघाला तर कोअर.

शनिवार, रात्र

तोच. सहावा. ३ तास ४० मिनिटं.

किरणांचा विषय संपला, रॅमचाही जवळपास संपलाच. प्राइम९५ एकपासून मोजतं आणि तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो शून्यापासून, म्हणजे तिथला कोअर ५. गंमत अशी की तो सगळ्यांत गरम नाही. सगळ्यांत गरम ३, तो बिचारा ९१ अंशांवर मुकाट काम करतोय. एका चिपवरचे आठही कोअर सारखे निपजत नाहीत, आणि ऑल-कोअर ओव्हरक्लॉकमध्ये सगळ्यांना व्होल्टेज एकच, म्हणून ते ठरतं सगळ्यांत लेच्यापेच्या कोअरवर.

बायोसमध्ये १.२७५ लिहिलंय खरं, पण पूर्ण भाराखाली १.२४३ दिसतं. भार वाढला की व्होल्टेज खाली येतं, ते तसंच यायला हवं. एलएलसी, म्हणजे ही घसरण कमी करणारं सेटिंग, वरच्या पातळीवर नेलं की ही घसरण दिसेनाशी होते, पण भार अचानक सुटला की क्षणभर व्होल्टेज वर उसळतं, आणि ती उसळी पडद्यावर दिसत नाही. एचडब्ल्यूइन्फो मुळात दोन सेकंदांतून एकदा डोळे उघडतं. मायक्रोसेकंदांत काय होऊन गेलं ते त्याला काय कळणार! म्हणून एलएलसी मधल्या पातळीवरच ठेवलंय.

झोपायच्या आधी नको ते केलं. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये व्हिया-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी, गाळून पाहिलं. इव्हेंट १९, दुरुस्त झालेली हार्डवेअर चूक. दोन नोंदी. दोन्ही बुधवारच्या.

बुधवारच्या! म्हणजे दादाला 'पक्कं' लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मशीन सांगत होतं आणि मी बघितलं नाही. या दोन दुरुस्त तरी झाल्या, म्हणून लिहिल्या गेल्या. ०.५ ची कुठंच नोंद नाही. कालच्या रात्रीच्या वेळेचा लॉग पाहिला, कोरा. प्राइम९५ स्वतःचं उत्तर पडताळत होतं म्हणून सापडली. बुधवारपासून या मशीनवर जे झिप झालं, जे व्हिडिओ एन्कोड झाले, ते कोण पडताळत होतं? बॅकअपही याच मशीननं घेतलेत. ते सगळं…

सेव्हन-झिपनं बुधवारनंतरचे सगळे आर्काइव्ह तपासायला लावलेत, पण मूळ वेगावर आणून. चुकणाऱ्याकडूनच चूक तपासून घ्यायची नाही, एवढी अक्कल अजून शाबूत आहे.

रविवार

आर्काइव्ह सगळे नीट निघाले. मूळ वेगावर १३४४ रात्रभर चालवलं, ९ तासांत एकही चूक नाही. चिप निर्दोष. दोष सेटिंगचा, आणि सेटिंग माझी.

मग ४.८ वर परत येऊन व्होल्टेज १.२९० करून पाहिलं. पंधरा मिलिव्होल्ट ऐकायला काहीच नाहीत, पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के जास्त. लार्जमध्ये दहा तास स्वच्छ. आनंद झाला. मग स्मॉल एफएफटी लावली आणि पंधराव्या मिनिटाला कोअर ३ नं ९७ गाठले. खोलीचं तापमान २९ होतं. शंभराला चिप आपण होऊन वेग कमी करते, आणि मग चाचणी पास झाली तरी ती ४.८ ची नसते. शिवाय तापलेल्या सिलिकॉनला तोच वेग पेलायला आणखी व्होल्टेज लागतं, व्होल्टेज दिलं की आणखी तापतं. या चक्राच्या मागं लागून माझ्या एअर कूलरवर काही हाती लागणार नाही.

सोमवार

काल रात्री एकदाचा भागाकार केला. ४.८ भागिले ४.७. दोन टक्के, आणि वर थोडं. दोन टक्क्यांसाठी तीन रात्री आणि दादासमोर नाचक्की. हसूच आलं.

मल्टिप्लायर ४७, म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज १.२७५ वरच ठेवलं. दोन्ही एकदम हलवले तर कशानं गुण आला ते कळत नाही. नंतर पाच-पाच मिलिव्होल्टनं खाली उतरवता येईल, घाई नाही. रॅम अजून २६६६ वरच. आधी १३४४ बारा तास, मग ब्लेंड बारा तास. ते निभावलं की एक्सएमपी लावून रॅमची वेगळी चाचणी, मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या, आणि मग पुन्हा ब्लेंड.

त्यानंतरही एक राहतंच. सतत भार असताना नीट चालणारं मशीन भार सुटताना किंवा चढताना अडखळू शकतं, म्हणून चाचणी दहा-बारा वेळा चालू-बंद करायची, दोनदा स्लीपमधून उठवायचं, आणि रात्रभर पूर्ण बंद ठेवून सकाळी थंड सुरू करायचं. आणि रोज व्हिया-लॉगर बघायचा. आधी तो, मग बाकीचं.

आत्ता ५ तास ४० मिनिटं झालीत. कोअर ३ वर ८४ अंश. आठही खिडक्या चालू. दर वेळी नजर सहावीकडेच जाते. टास्क मॅनेजर १०० म्हणतोय तरी.

दादाला एवढंच लिहिलं : '४.८ नाही, ४.७. तेही आत्ता धरू नकोस, गुरुवारी मला विचार.'