हातोडा आणि झाडू

आज हातोडाफेकीच्या सरावात एका मुलीने पहिले चारही हातोडे जाळीत घातले. दोष जुनाच. तिसऱ्या गिरकीला डोकं आधी वळतं, उजवा पाय उशिरा टेकतो आणि ४ किलोचा हातोडा (तारेच्या टोकाला धातूचा गोळा) तिलाच ओढून नेतो. मी आपला "खेचू नकोस, खेचू नकोस" ओरडतोय. काय उपयोग? मी स्पर्धेत होतो तेव्हा ओरडून मला तरी कुठे कळायचं!

शेवटी हातोडा काढून घेतला आणि हातात झाडू दिला (खरंच झाडू, फेकीचं वर्तुळ झाडायचा). २.१३५ मीटरच्या त्या काँक्रीटवर डाव्या पायाने टाच-चवडा, टाच-चवडा, नुसत्या गिरक्या. वीसेक तरी झाल्या असतील. मग म्हटलं, चौथी गिरकी विसर, तीनच घे. सोव्हिएत हातोडाफेकपटू युरी सेदिखने १९८६ साली ८६.७४ मीटरचा विश्वविक्रम तीन गिरक्यांतच केला होता.

पाचवा हातोडा सरळ बाहेर गेला. अंतर मोजायचं राहूनच गेलं. तिने हातमोजा काढला तर अनामिकेची कातडी सोललेली, आणि बाई हसतायत!

सगळे गेल्यावर माझाही हात शिवशिवला. एकच फेकला, ७.२६ किलोचा. कंबर अजून बोलतेय.