कुपवाडच्या सेलमध्ये सेफ्टी इनपुट वाढवताना

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात वेल्डिंग रोबोटच्या जुन्या सेलला (रोबोट काम करतो त्या कुंपणातल्या जागेला) पोझिशनर, म्हणजे जॉब धरून फिरवणारे यंत्र, जोडायचे ठरले, तेव्हा फाउंडेशन, जिग, कुंपण या सगळ्यांची चर्चा झाली होती. पण सुरक्षेचे सिग्नल तपासून सेल थांबवणाऱ्या सेफ्टी कंट्रोलरवर एकही इनपुट (सिग्नल जोडण्याची जागा) शिल्लक नाही, हे पॅनेलचे ड्रॉइंग उघडल्यावरच लक्षात आले. नवे दार, जॉब चढवण्याच्या बाजूचा लाइट कर्टन (किरण अडले की सेल थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणि इमर्जन्सी स्टॉप यांना प्रत्येकी दोन चॅनेल (एक निकामी झाला तरी दुसरा असावा म्हणून), रिसेट बटणाला एक आणि पोझिशनरच्या कॉन्टॅक्टरच्या (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) फीडबॅकला एक, असे आठ इनपुट हवे होते.

"साहेब, नव्या दाराचा स्विच जुन्या दाराच्या सिरीजमध्ये घेतो, दुपारपर्यंत लाइन चालू करून देतो," असे आमच्या वायरमनने सुचवले. उत्पादन विभागाला हा मार्ग अर्थातच आवडला, पण मी त्याला नकार दिला. समजा एका दाराच्या स्विचचा एक चॅनेल शॉर्ट होऊन कायम जुळलेला राहिला, तर ते दार उघडल्यावर दुसरा चॅनेल तुटतो, सेल थांबतो आणि कंट्रोलर दोन चॅनेलमधली विसंगती दाखवतो. त्यानंतर कोणी दुसरे, धडधाकट दार उघडून बंद केले, की दोन्ही चॅनेल व्यवस्थित तुटून जुळतात, कंट्रोलर समाधानी होतो आणि बिघाड तसाच दडून राहतो. पुढे पहिल्या दाराचा उरलेला चॅनेलही गेला, तर माणूस आत आणि रोबोट चालू. आयएसओ टीआर २४११९ हा तांत्रिक अहवाल याच प्रकाराबद्दल आहे, आणि त्याची प्रत दाखवल्यावर वाद संपला.

म्हणून त्याच कंट्रोलरचे विस्तार मॉड्यूल मागवले. मॉड्यूल पॅनेलमधल्या रेलवर (पट्टीवर) बसवणे हे या कामातले सर्वांत सोपे काम होते. कॉन्फिगरेशनचा पासवर्ड सेल उभारणाऱ्या कंपनीकडून मिळवण्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ गेला.

वायरिंगमध्ये एक फरक जपावा लागला. दाराचा स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप हे नुसते कॉन्टॅक्ट असल्यामुळे त्यांच्या दोन चॅनेलना कंट्रोलरचे दोन वेगवेगळे टेस्ट पल्स (तपासणीचे छोटे विद्युत सिग्नल) दिले, जेणेकरून दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी ते ओळखता येईल. लाइट कर्टनचे आउटपुट मात्र स्वतःची चाचणी स्वतःच करतात, त्यामुळे त्या इनपुटांवर कंट्रोलरचे पल्स घेतले नाहीत.

खरे काम अंतराचे, म्हणजे कर्टन धोक्याच्या जागेपासून किती लांब हवा याचे, निघाले. सिग्नल कर्टनपासून मॉड्यूलमध्ये, तिथून कंट्रोलरमध्ये आणि मग रोबोटकडे जातो, आणि या प्रत्येक टप्प्याचा वेळ रोबोटच्या थांबण्याच्या वेळेत मिळवावा लागतो. आयएसओ १३८५५ या मानकानुसार अंतर म्हणजे माणूस धोक्याकडे येण्याचा वेग गुणिले एकूण वेळ, अधिक कर्टनच्या रिझोल्यूशनवरून (त्याला ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान वस्तूच्या आकारावरून) येणारी भर. आमच्या ३० मिलिमीटर रिझोल्यूशनच्या कर्टनसाठी ही भर १२८ मिलिमीटर येते. अंतर ५०० मिलिमीटरच्या वर जात असेल तर वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरता येतो, म्हणजे वाढलेल्या प्रत्येक १० मिलिसेकंदांमागे कर्टन १६ मिलिमीटर मागे सरकतो. आमच्या कंट्रोलरचा प्रतिसाद वेळ जोडलेल्या मॉड्यूलांच्या संख्येवर अवलंबून असल्याने, ज्याला कोणी हातही लावला नव्हता त्या जुन्या कर्टनचे गणितही पुन्हा मांडावे लागले आणि त्याचे खांब थोडे बाहेर घ्यावे लागले. इनपुट वाढवण्याच्या खर्चात ड्रिलिंग आणि अँकर बोल्ट धरायचे कोणाला सुचत नाही. इथून पुढे मी ते कोटेशनमध्येच लिहिणार आहे.

रिसेट बटणावरूनही थोडी ओढाताण झाली. ऑपरेटरला ते जॉब चढवण्याच्या जागी हवे होते, पण तिथून पोझिशनरच्या मागे उभा असलेला माणूस दिसत नाही. शेवटी ते कुंपणाबाहेर, पूर्ण सेल नजरेत येईल आणि आतून हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात बसवले.

चाचणीत प्रत्येक नव्या इनपुटचा आधी एक चॅनेल काढला, मग दुसरा, मग दोन्ही एकत्र शॉर्ट केले, मग एकेकाला २४ व्होल्ट दिले, आणि दर वेळी सेल थांबतो का व बिघाड दूर केल्याशिवाय रिसेट नाकारला जातो का, ते पाहिले. नवे सरकते दार हळू ओढले की दोन कॉन्टॅक्ट मागेपुढे जुळत आणि विसंगतीची सूचना येई. विसंगतीची मुदत (दोन कॉन्टॅक्ट जुळण्यात चालणारा वेळेचा फरक) वाढवून तो प्रश्न तिथल्या तिथे मिटला असता, पण मी आधी दाराची रूळपट्टी सरळ करून घेतली, आणि त्यानंतर मुदत बदलावीच लागली नाही. सगळे तपासून झाल्यावर कॉन्फिगरेशनचा नवा चेकसम (प्रोग्रॅमवरून निघणारा पडताळणीचा आकडा) देखभालीच्या नोंदवहीत लिहिला आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला, म्हणजे पुढे कोणी प्रोग्रॅम बदलला तर आकडा जुळणार नाही.